रोजच्या वापराला काय घ्यावं: सुती, टेरिकॉट की रेयॉन?

दुकानात “कॉटन आहे ना?” असं विचारलं की बहुतेक वेळा “हो ताई, कॉटनच” हेच उत्तर येतं. त्या एका नावाखाली तीन वेगळी कापडं खपतात: शुद्ध सुती, सुती-पॉलिएस्टर मिसळलेलं टेरिकॉट, आणि रेयॉन. कामावर, कॉलेजला किंवा घरात रोज घालायचे कपडे घेताना खरी निवड या तिघांतच असते. रेशीम आणि लोकर आपल्याकडे सणासुदीला आणि थंडीत निघतात, म्हणून त्यांना इथे बाजूला ठेवलं आहे.

माझं मत आधीच सांगते. उन्हाळ्यात आणि घरात सुती. पावसाळ्यात आणि जिथे इस्त्रीची घडी दिवसभर टिकायला हवी तिथे टेरिकॉट. रेयॉन आवडलं तर जरूर घ्या, पण रेयॉन म्हणून घ्या. सुती समजून घेतलेलं रेयॉन हमखास खराब होतं, कारण आपण ते सुती कपड्यासारखं धुतो.

घाम कुठे जातो

सुती धागा नेहमीच्या हवेतही स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून असतो. रेयॉन 11 ते 13 टक्के धरतं. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही, कारण पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक आणि पॉलिएस्टर हे मुळात एकच द्रव्य आहे. त्यामुळे घाम धाग्यात शिरत नाही, अंगावर राहतो आणि चिकचिक होते. शिवाय पॉलिएस्टर अंगातलं तेल धरून ठेवतं, म्हणून काखेचा वास धुऊनही पूर्ण जात नाही. लेबलवर टेरिकॉटचं प्रमाण बघा: 65:35 किंवा 67:33 हे नेहमीचं, आणि त्यातला मोठा आकडा पॉलिएस्टरचा असतो.

सुती कपड्याची बाजू घेतानाही एक गोष्ट सांगायला हवी. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात घाम सुती कापडात शिरतो, लगेच उडतो आणि अंग गार होतं. मुंबईत किंवा रत्नागिरीत हवाच दमट, त्यामुळे भिजलेला सुती शर्ट पाठीला चिकटून तासन्‌तास ओला राहतो. तिथे धाग्याइतकंच विणीकडे लक्ष द्या. जाड, तिरप्या विणीच्या ट्विलपेक्षा पातळ, साध्या विणीचं केंब्रिक किंवा मलमल कितीतरी बरी. कापड उजेडासमोर धरा. विणीतून थोडा प्रकाश आला पाहिजे. पळायला किंवा जिमला मात्र पॉलिएस्टरचे खास खेळाचे टी-शर्ट सरस ठरतात, कारण त्यांची वीण घाम बाहेरच्या बाजूला पसरवते आणि तो चटकन वाळतो.

धुणं, वाळणं, टिकणं

इथे टेरिकॉट सरळ पुढे आहे. पाणी कमी पितं, पंख्याखाली रात्रीत वाळतं, आटत नाही, इस्त्रीशिवाय निभतं. जुलैत दोरीवर चार दिवस लोंबणाऱ्या सुती कपड्यांचा कुबट वास ज्यांना माहीत आहे, त्यांना हे वेगळं पटवायला नको. टेरिकॉटचा दोष म्हणजे कॉलर आणि काख घासून येणारे बारीक गोळे. सुती कापडावरही गोळे येतात, पण ते गळून पडतात; इथे पॉलिएस्टरचे चिवट तंतू त्यांना धरून ठेवतात.

सुती कापड चुरगळतं, पहिल्या धुण्यात आटतं आणि गडद रंग असेल तर सोडतं. कापड आणून शिवणार असाल तर शिंप्याकडे देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून घ्या. तयार कपडा आधी आटवलेला नसेल तर थोडा सैल घ्या. पण सुती धाग्याचा एक मोठा गुण आहे: ओला झाला की तो अधिक मजबूत होतो. धोपटणं, ब्रश, गरम पाणी, सगळं सोसतो.

रेयॉनचं नेमकं उलट आहे. लाकडाच्या लगद्यावर रासायनिक प्रक्रिया करून ते बनतं. मध्य प्रदेशातल्या नागद्याला त्याचा धागा 1954 पासून तयार होतो. लेबलवर ‘व्हिस्कोस’ लिहिलं असेल तर तेही हेच. हाताला मऊ, अंगावर सुंदर पडणारं, रंग खुलून दिसणारं, उन्हाळ्यात खरोखर सुखद असं कापड आहे. पण ओलं झालं की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. अशा वेळी पिळलं की ते ताणतं, शिवणीपाशी विरतं. म्हणून रेयॉनची कुर्ती गार पाण्यात, हलक्या हाताने धुवा, न पिळता पसरून वाळवा आणि इस्त्री मध्यम ठेवा. एवढं जमणार नसेल, सगळे कपडे एकत्र मशीनमध्ये जाणार असतील, तर ती घेऊ नका.

घरी ओळखायचं कसं

आतल्या शिवणीच्या कडेचा एक उभा आणि एक आडवा धागा काढा. दोन्ही हवेत, कारण काही कापडांत एक सुती आणि दुसरा पॉलिएस्टरचा असतो. शिवणीचा दोरा मात्र घेऊ नका, तो बहुधा पॉलिएस्टरचाच असतो. धागा चिमट्यात धरून, पाण्याच्या वाटीवर जाळा. सुती धागा जळक्या कागदासारखा वास देतो आणि बोटाने चुरली जाणारी मऊ राख राहते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर कडक काळा मणी राहतो. टेरिकॉटमध्ये राखेत कडक खडे लागतात.

रेयॉनही सुतासारखंच जळतं, म्हणून तिथे ही परीक्षा कामाची नाही. तेव्हा दुसरा धागा जिभेने ओला करा आणि ओढा. ओल्या जागी सहज तुटला तर रेयॉन, चिवटपणे टिकला तर सुती.

त्या काळ्या मण्यामुळेच स्वयंपाकघरात पॉलिएस्टर किंवा नायलॉन नको, असं मी आग्रहाने सांगते. सुती कापडही भराभर पेटतं, पण वितळून कातडीला चिकटत नाही. गॅससमोर सुती कपडा, आखूड किंवा बेताच्या बाह्या आणि खोचलेली ओढणी हवी.

मग काय घ्यायचं

रोज घाम येणारं काम, तान्हं बाळ, त्वचेवर पुरळ येण्याचा त्रास, रात्रीचे कपडे, आतले कपडे: यात तडजोड करू नका, सुतीच घ्या. लोकलने किंवा एसटीने लांबचा प्रवास करून चापूनचोपून दिसायचं असेल तर सुताचं प्रमाण 60 टक्क्यांच्या वर असलेलं मिश्र कापड शोधा. शाळेचा गणवेश टेरिकॉटचाच असेल आणि बदलता येणार नसेल, तर आत पातळ सुती बनियन घाला. घाम तरी टिपला जाईल.

शेवटी अस्तर बघायला विसरू नका. वरून शुद्ध सुती कुर्ती असते आणि आत पॉलिएस्टरचं चकचकीत अस्तर लावलेलं असतं. अंगाला लागतं ते अस्तर, म्हणून शिंप्याला “अस्तर सुतीच लावा” असं माप देतानाच सांगा.