सोलापुरातून आठ महिने : समुद्रातले मोठे मासे ओळखायच्या कार्डांचा अनुभव

सोलापुरात बसून समुद्रातले मासे ओळखायची कार्डं कशाला हवीत, असं घरच्यांनीही विचारलं होतं. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. वर्गातल्या बऱ्याच मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. मासा म्हटलं की त्यांच्यासमोर येते ती उजनीची चिलापी, नाहीतर रोहू-कटला. म्हणून ऑक्टोबरात उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यांवरच्या मोठ्या माशांचा हा संच मागवला. प्लास्टिकची ६० कार्डं, रिंगमध्ये ओवलेली, साडेचारशे रुपये. पुढून फोटो, मागून रेषांचं चित्र आणि खुणांचे बाण.

पहिले दोन महिने मी फक्त पुढची बाजू बघत होतो, आणि सारखा चुकत होतो. फोटोतल्या सुरमईची पाठ निळी-हिरवी चमकते. आमच्या बाजारात रात्रभर बर्फात प्रवास करून आलेली सुरमई राखाडी पडलेली असते, अंगावरचे उभे पट्टेही फिके. मग कार्ड उलटं केलं. मागच्या चित्रात अंगाच्या बाजूने जाणाऱ्या पार्श्वरेषेवर बाण होता : पाठीवरच्या दुसऱ्या पराच्या शेवटाखाली ही रेषा एकदम खाली वळते. तिच्याच नात्यातल्या ठिपकेवाल्या माशात ती हळूहळू उतरत जाते. रंग गेला तरी ही रेषा जात नाही. बोटाने चाचपली की लागते. त्या दिवसापासून मी मुलांना फोटो आधी दाखवतच नाही.

सराव मात्र चिलापीवर केला, कारण ती स्वस्त आणि ताजी मिळते. तिची पार्श्वरेषा मधेच तुटून खालच्या पातळीवर पुन्हा सुरू होते. हे एकदा हाताने पाहिलं की पुढचा प्रत्येक मासा मुलं आपोआप आडवा धरून बघायला लागतात.

जानेवारीतला एक रविवार सांगायलाच हवा. चार मुलांना घेऊन मासळी बाजारात गेलो. नेहमीच्या मामांनी रावस म्हणून एक मोठा मासा पुढे केला. रावसाच्या छातीच्या पराखाली दोऱ्यासारखे सुटे तंतू असतात, गढूळ पाण्यात चाचपडायला. कार्डावर चार दाखवलेत, आणि त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थही चार बोटांचा असाच आहे. एका मुलीने दोनदा मोजले आणि म्हणाली, "सर, पाच आहेत." मामांनी मासा उलटा करून दुसऱ्या बाजूचे मोजले. तिथेही पाचच. "मग दाढा असंल पोरी. दोन्ही एकाच घराण्यातले, आम्ही सगळ्याला रावसच म्हणतो." भावही त्यांनी लगेच कमी केला. ती मुलगी तोवर वर्गात कधी तोंड उघडत नव्हती. मला या संचाचे पैसे तिथेच वसूल झाले.

डिसेंबरात रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर गेलो होतो, तिथे कार्डांचा खरा कस लागला. कोकर नावाच्या माशाच्या शेपटीजवळची टणक, धारदार खवल्यांची ओळ मुलांनी कार्ड न काढता ओळखली. गोव्याकडे ज्याला मोडसो म्हणतात त्या माशावर मात्र आम्ही अडलो. चपटं डोकं, अंगावर गडद पट्टा, आणि मुलं हट्टाने म्हणत होती मुशीचं, म्हणजे शार्कचं, पिल्लू. कार्डाने सोडवलं : पाठीवरच्या लांब पराच्या आधी सात ते नऊ आखूड, सुटे काटे असतात, आणि गालावर एकच झाकण. मुशीला कल्ल्यांच्या पाच उघड्या फटी असतात.

आता खटकलेल्या गोष्टी. सर्वात मोठी म्हणजे लांबी. प्रत्येक कार्डावर जास्तीत जास्त लांबी छापलीय. सुरमईची २४० सेंटिमीटर. आमच्याकडे येते ती जेमतेम हातभर, त्यामुळे मुलांना वाटतं हा मासा वेगळाच. नेहमी किती मोठा मिळतो तेही लिहायला हवं होतं. दुसरं, फोटो सगळे पूर्ण वाढलेल्या माशांचे. हेकरूंच्या (ग्रुपर माशांच्या) कुळात पिल्लाचा आणि मोठ्याचा रंग-नक्षी ओळखू न येण्याइतकी वेगळी असू शकते, आणि सर्वात मोठ्या हेकरूचं पिल्लू तर पिवळं-काळं असतं. तिथे हा संच गप्प बसतो. तिसरं, मराठी नाव एकही नाही. मी कोळी लोकांना आणि मामांना विचारून जिताडा, तांबोशी, घोळ अशी नावं मार्करने लिहिली, ती बर्फाच्या पाण्याने पुसली गेली. आता नावावर पारदर्शक चिकटपट्टी लावतो.

प्लास्टिक चांगलं आहे. रिंग मात्र रत्नागिरीहून परत येईपर्यंत गंजली, नायलॉनची दोरी घातली. एप्रिलच्या उन्हात गाडीत राहिलेली सहा कार्डं वाकली, ती वह्यांखाली दाबून सरळ केली.

आपल्यासारख्या आतल्या गावात राहणाऱ्याने हा संच घ्यायचा असेल तर बाजारात गेल्यावर एक करा : डोकं आणि शेपटी कापायच्या आधी मासा मागा. तुकडे झाले की साठ कार्डं असून उपयोग नाही. आमचे मामा आता स्वतःच थांबतात, आणि रविवारी नवीन काही आलं असेल तर बाजूला ठेवून फोन करतात.