मातीचे तीनमजली खतपात्र: घरातील, शाळेतील आणि गल्लीतील अनुभव

स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचे घरच्या घरी खत करण्यासाठी बाजारात मिळणारे भाजलेल्या मातीचे तीनमजली खतपात्र गेली काही वर्षे कोल्हापुरात आमच्या परसात आहे, आणि तशाच बनावटीचे दुसरे पात्र मी विज्ञान शिकवते त्या शाळेच्या व्हरांड्यात ठेवलेले आहे. दोन्ही ठिकाणच्या वापरावरून माझे मत असे झाले आहे की ही वस्तू निश्चित घेण्याजोगी आहे. मात्र ती विकताना दुकानदार जी माहिती देतात ती फार अपुरी असते. पात्राइतकेच महत्त्व कोरड्या पाल्याला आहे, आणि त्याविषयी पात्रासोबतच्या माहितीपत्रकात जेमतेम एक ओळ असते.

रचना साधी आहे. एकावर एक बसणारी तीन मडकी असतात. वरच्या दोन मडक्यांना तळ नसून तेथे सुतळीची जाळी विणलेली असते, सर्वांत खालच्या मडक्याला बंद तळ असतो आणि माथ्यावर झाकण बसते. कचरा वरच्या मडक्यात टाकत जायचा, ते भरले की मधल्याशी त्याची अदलाबदल करायची, आणि पुन्हा भरले की आधीचा अर्धवट कुजलेला माल सर्वांत खाली उतरवून तेथे मुरू द्यायचा. चार माणसांच्या कुटुंबात या पद्धतीने दोन ते तीन महिन्यांत पहिले खत हाती येते आणि त्यानंतर त्यात खंड पडत नाही. भाजलेली माती सच्छिद्र असल्यामुळे कचऱ्यातील जादा ओल मडक्याच्या अंगातून बाहेर पडते, बाजूच्या भोकांतून हवा खेळती राहते, आणि म्हणून प्लास्टिकच्या बंद डब्यात येणारा आंबूस वास येथे येत नाही. बाहेरच्या बाजूला काही दिवसांनी पांढरट क्षारांचा थर दिसू लागतो. तो दोष नसून मडके श्वास घेत असल्याची खूण आहे. याच कारणासाठी ऑइल पेंटने वारली चित्रे रंगवलेली पात्रे, दिसायला कितीही देखणी असली तरी, घेऊ नयेत असे मी आग्रहाने सांगेन. रंगाने छिद्रे बुजतात आणि मातीचे पात्र घेण्याचा मूळ हेतूच उरत नाही.

आता पाल्याविषयी. कुजवणाऱ्या जिवाणूंना कार्बन आणि नायट्रोजन हे दोन्ही लागतात, आणि त्यांचे प्रमाण साधारण २५ ते ३०:१ असले म्हणजे काम नीट चालते. भाजीच्या देठांत आणि सालींत हे प्रमाण बरेच कमी, म्हणजे १५ ते २५:१ इतके असते, तर वाळलेल्या पानांत ते ४० ते ८० पर्यंत जाते. त्यामुळे नुसता ओला कचरा टाकत राहिल्यास पात्रात चिखल होतो, हवा कोंडते आणि दुर्गंधी सुटते; प्रत्येक वेळी कचऱ्यावर निदान तितकाच चुरलेला कोरडा पाला पसरला तर असे काहीही होत नाही. पाला संपल्यास सुताराकडील लाकडाचा भुसा चालतो. आपल्याकडे रसवंतीवर उसाची चिपाडे फुकट मिळतात आणि तीही उत्तम, पण ती उन्हात खडखडीत वाळवून आणि बारीक तोडून वापरावी लागतात, कारण ओल्या चिपाडातील गोडव्यावर मुंग्या आणि चिलटे तुटून पडतात. सुरुवातीला आंबट ताक किंवा शेणकाल्याचे पाणी शिंपडले की कुजण्याला वेग येतो. विकत मिळणाऱ्या जिवाणूंच्या पाकिटांनी याहून काही अधिक साधते असे मला आढळले नाही.

पात्राची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. जूनच्या मध्यापासून कोल्हापूरची हवा इतकी दमट होते की मातीच्या अंगातून ओल बाहेर पडायची जवळजवळ थांबते. पंचगंगा नदीवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली जातो त्या दिवसांत तर पोत्यातला पालाही सादळतो. या काळात पात्र पत्र्याखाली किंवा व्हरांड्यात हवे, पाल्याचे प्रमाण दीडपट करायला हवे आणि दर दोन-तीन दिवसांनी माल काठीने हलवायला हवा. याच सुमारास कचऱ्यात राखाडी रंगाच्या जाड अळ्या दिसतात आणि अनेकजण घाबरून पात्र वापरणेच सोडून देतात. या बहुधा काळी सैनिक माशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कीटकाच्या अळ्या असतात. त्या कचरा झपाट्याने खातात, आणि त्यांची पूर्ण वाढ झालेली माशी घरमाशीप्रमाणे अन्नावर घोंगावत बसत नाही. पाला वाढवला, ओल कमी केली की त्या आपोआप कमी होतात. ही एवढी माहिती पत्रकात छापली असती तर कितीतरी पात्रे अडगळीत गेली नसती.

आमच्या घरी पाहुण्यांची वर्दळ असते. अंबाबाईचे दर्शन, जोतिबा आणि पन्हाळा असा बेत करून आलेली नातेवाईक मंडळी आमच्याकडेच उतरतात, आणि त्यांना तांबडा-पांढरा रस्सा खाऊ घातल्याशिवाय आपल्याकडे पाहुणचार पुरा होत नाही. अशा एका जेवणावळीत निघणारा कचरा हे पात्र एकदम पेलू शकत नाही, हे घेणाऱ्याने आधीच ध्यानात ठेवावे. आमच्याकडे त्या दिवशी मोरीशेजारी एक रुंद घमेले ठेवलेले असते. त्याच्या तळाशी पाल्याचा जाड थर घालतो, आणि कांद्या-लसणाच्या साली, कोथिंबिरीच्या काड्या, पिळलेली लिंबे असे जे निघेल ते पाल्याबरोबर थरावर थर टाकत जातो. पुढील चार-पाच दिवस त्यातला थोडा थोडा भाग पात्रात जातो. हाडे, मटणाचे उरलेले तुकडे आणि तेलाचा तवंग असलेला रस्सा मात्र या पात्रात कदापि टाकू नये, कारण त्याने उंदीर आणि मांजरे येतात. हाडे आम्ही वेगळी बांधून कचऱ्याच्या टिप्परमध्ये देतो. द्रोण-पत्रावळींचीही पारख करावी लागते. पळसाच्या पानांची पत्रावळ फाडून टाकली की कुजते, चंदेरी किंवा प्लास्टिकचा थर असलेली कुजत नाही. पाहुण्यांच्या मुलांना झाकण उघडून आत पाहण्याचे फार कुतूहल असते, आणि वास येत नाही हे पाहून मोठी माणसेही प्रश्न विचारू लागतात. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही वाण म्हणून कागदी पिशवीतून चाळलेले खत दिले, आणि त्यातील कित्येक जणींच्या कुंड्यांत ते पडलेले मी नंतर पाहिले आहे.

शाळेतील उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. कुजणे ही क्रिया पाठ्यपुस्तकात दोन-तीन वाक्यांत उरकते, पण डब्यातून उरलेली भाजी आणि मैदानातील पाला रोज स्वतःच्या हाताने टाकणाऱ्या मुलांना ती टप्प्याटप्प्याने दिसते. आठवीचा वर्ग प्रयोगशाळेतील तापमापी पात्रात खुपसून नोंदी ठेवतो. खताच्या मोठ्या ढिगात तापमान ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत चढते, पण या लहान पात्रात ते बाहेरच्या हवेपेक्षा थोडेच वर जाते, असे मुलांनी स्वतः ताडून पाहिले. तयार खत कुंडीत घातल्यावर त्यातून टोमॅटोची रोपे उगवली, तेव्हा एका मुलीने विचारले, "बाई, एवढ्या कुजलेल्यात हे बी जिवंत कसं राहिलं?" तिच्या या प्रश्नावरून ढिगातील उष्णता, बियांचे टणक आवरण आणि अंकुरण असा तासभर वर्ग रंगला. आपण मोजलेले तापमान बी मरण्याइतके चढलेच नव्हते, हे उत्तर मुलांनी आपापल्या वहीतील नोंदींतून शोधून काढले. खत पक्व झाले की नाही हे ठरवण्यासाठी आम्ही दोन चाचण्या घेतो. मूठभर खत घट्ट दाबायचे आणि बोटांतून जेमतेम एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर आहे असे समजायचे. मग एका बशीत खत आणि दुसरीत साधी माती घेऊन दोन्हीत हळीव पेरायचे. कच्च्या खतात हळीव नीट उगवत नाही. मातीच्या पात्राऐवजी यंत्र आणले असते तर मुलांना आत डोकावता आले नसते, आणि शाळेसाठी मला हाच या वस्तूचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

बागेतील परिणामांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. कुंड्यांतील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी कडेने वाहून जाते. त्या मातीत चौथा हिस्सा हे खत मिसळल्यावर ती भुसभुशीत राहते. मोगरा आणि कढीपत्ता यांच्यावर फरक चटकन दिसला, गुलाबाला मात्र जोडीला निंबोळी पेंड द्यावी लागली.

एका घराच्या पात्राने गल्लीचा प्रश्न सुटत नाही. गौरी-गणपतीच्या विसर्जनादिवशी निघणारे निर्माल्य पाहिले की हे लगेच कळते. पंचगंगेच्या घाटावर मूर्तिदानाची आणि निर्माल्य वेगळे घेण्याची चळवळ कोल्हापुरात चांगली रुजलेली आहे, तरी आमच्या कोपऱ्यावरील तरुण मंडळाने निर्माल्य गल्लीतच जिरवायचे ठरवले आणि मोकळ्या जागेत विटांचा जाळीदार हौद बांधला. झेंडू, दूर्वा, आघाडा आणि केळीचे खुंट त्यात जातात. दोरे, थर्माकोल आणि प्लास्टिकच्या माळा वेगळ्या काढण्याचे काम शाळेतील मुले करतात. हौदात पहिल्यांदा विरजण म्हणून घातले ते आमच्या परसातील पात्रातले खत. त्याहून मोठा बदल झाला तो पानगळीच्या दिवसांत. पूर्वी झाडून काढलेला पाला सकाळी रस्त्याच्या कडेला पेटवला जाई आणि म्हाताऱ्या माणसांना त्या धुराचा त्रास होई. आता तो पोत्यांत भरून ठेवला जातो, कारण पाल्याला गल्लीत मागणी आहे.

दोषही सांगितले पाहिजेत. सुतळीची जाळी एका पावसाळ्यात कुजते, म्हणून ती सुरुवातीलाच काढून नायलॉनच्या दोरीने विणून घ्यावी. बहुतेक पात्रांची झाकणे सपाट असतात आणि त्यांच्या कडेने पाणी आत झिरपते. पात्र जड आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्या भागांत पाणी शिरले तेथील कुटुंबांनी मजले सुटे करून जिन्यावरून वर नेता येतील एवढेच लहान पात्र घ्यावे. शाळेसाठी ऑनलाइन मागवलेल्या पात्राचा मधला मजला तडा जाऊन आला आणि विक्रेत्याने एकच मजला बदलून देण्यास नकार दिला. शेवटी तो मजला येथील एका कुंभारदादांनी माप घेऊन घडवून दिला, आणि सोबत घुमटाकार, कडा बाहेर आलेले झाकणही करून दिले, ज्यावरून पावसाचे पाणी सरळ खाली पडते. बाजारात अशी पात्रे आकारानुसार साधारण २,५०० ते ४,००० रुपयांना मिळतात. आपल्या गंगावेश, शाहूपुरी आणि बापट कॅम्प येथील कुंभारवस्तीत आधी चौकशी करावी असे मी सुचवेन, कारण सुटा भाग पुन्हा घडवून मिळण्याची सोय तेथेच आहे.

खरेदी फाल्गुन-चैत्रात करावी. त्या वेळी पानगळ ऐन भरात असते, दोन-चार पोती पाला वर्षभरासाठी भरून पत्र्याखाली ठेवता येतो, आणि पाऊस सुरू होईपर्यंत पात्रातील पहिला माल खालच्या मडक्यात उतरलेला असतो.