मीटरवर १८२ तास, संगणकात ६११: वापरलेल्या आउटबोर्ड इंजिनाची खरेदी आणि एका पावसाळ्याचा अनुभव

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि गोदावरीचे पाणी नाशिकच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लागले, की होळकर पुलाखालच्या ओढीत बोटीचे इंजिन बंद पडणे परवडत नाही. आमचा बचाव गट लहान आहे आणि नवीन इंजिन आमच्या ऐपतीबाहेरचे होते, म्हणून गेल्या जानेवारीत आम्ही ४० अश्वशक्तीचे, तीन सिलिंडरचे, इंधन इंजेक्शन असलेले वापरलेले फोर-स्ट्रोक ओबीएम (आउटबोर्ड मोटर, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवायचे इंजिन) घेतले. पुढे २०२७चा सिंहस्थ आहे. नाशिकमधील आणखी काही गट अशाच खरेदीच्या विचारात असतील, म्हणून या इंजिनाचा आणि ते तपासून देणाऱ्या कारागिराचा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

विक्रेता शेजारच्या जिल्ह्यातील एका जलाशयावर पर्यटकांच्या फेऱ्या चालवीत असे. इंजिन २०१७ सालचे, किंमत ३ लाख २० हजार आणि ‘फक्त १८२ तास चाललेले’, असे त्याने सांगितले. डॅशबोर्डवरील मीटरही १८२ दाखवीत होते. मात्र ते मीटर बोटीचे असते, इंजिनाचे नव्हे. काही मीटर नुसती चावी फिरवली तरी चालू राहतात आणि मीटर बदलायला पंधरा मिनिटे पुरतात. येथे मीटरची काच कोरी होती, मागची वायर नव्या रंगाची होती आणि ज्या भोकात ते बसवले होते त्याभोवती आधीच्या, थोड्या मोठ्या मीटरचा उन्हाने न विटलेला गोल वळ स्पष्ट दिसत होता.

इंजिनाच्या खालच्या टोकाला, पाण्यातल्या पंख्याखाली असलेल्या पात्याने दुसरी शंका निर्माण केली. त्याचे टोक झिजून बोथट झाले होते आणि त्यावर नुकताच स्प्रे मारला होता. नखाने खरवडताच खाली उघडे ॲल्युमिनियम लागले. बोट शेकडो वेळा वाळूत टेकल्याशिवाय असे टोक झिजत नाही. मुठीवरचे रबर गुळगुळीत झाले होते आणि इंजिन डावीकडे-उजवीकडे वळवताना ब्रॅकेटच्या बुशमध्ये किंचित खेळ जाणवत होता. १८२ तासांचे इंजिन असे दिसत नाही, हे कळायला यंत्राची गरज नव्हती.

तरीही आम्ही यंत्र आणवले. इंधन इंजेक्शनच्या इंजिनात तासांची खरी नोंद त्याच्या स्वतःच्या संगणकात असते आणि यामाहा, सुझुकी, मर्क्युरी या कंपन्यांचे ती वाचण्याचे सॉफ्टवेअर वेगवेगळे असते. मुंबईहून आलेल्या एका स्वतंत्र कारागिराने लॅपटॉप जोडला. एकूण तास ६११ निघाले. त्याहून मोलाची ठरली ती इंजिनाच्या फिरण्याच्या वेगानुसार केलेली या तासांची विभागणी: मिनिटाला १००० फेऱ्यांखाली २१४ तास, १००० ते २००० दरम्यान १८६, २००० ते ३००० दरम्यान ९७, पुढे ६१, ३८ आणि ५००० च्या वर केवळ १५.

म्हणजे हे इंजिन दोन तृतीयांश आयुष्य संथ चालीत, बहुधा धक्क्यापाशी पर्यटकांची वाट पाहत चालले होते. पूर्ण वेगाने पळवलेल्या ३०० तासांपेक्षा असे ६११ तास सिलिंडरला कमी जाचक असतात, असे माझे मत आहे. पण संथ चालीचा वेगळा त्रास असतो. थंड सिलिंडरात न जळलेले पेट्रोल भिंतीवरून खाली उतरते आणि ऑइलमध्ये मिसळते. ऑइलची पातळी दाखवणारी डिपस्टिक काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर होते आणि त्याला पेट्रोलचा वास येत होता. विक्रेता म्हणाला, ‘बघा, ऑइल भरपूर आहे.’ ते भरपूर असणे हाच दोष होता.

त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरात तयार होणारा दाब, तपासले. येथे मूळ आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील तफावत महत्त्वाची असते आणि ती साधारण दहा टक्क्यांच्या आत असावी. तिन्ही सिलिंडरांत पाच टक्क्यांचाही फरक नव्हता. गिअर ऑइल दुधाळ नव्हते, म्हणजे सीलमधून पाणी आत गेलेले नव्हते, आणि निचऱ्याच्या बोल्टच्या चुंबकावर तुकडे नव्हते, फक्त बारीक करडी भुकटी होती. संगणकही बदललेला असू शकतो, म्हणून त्यातील आकडा आणि झीज एकमेकांशी जुळतात का, हे पाहणे आवश्यक आहे. येथे दोन्ही जुळले.

हे इंजिन आयुष्यभर गोड्या पाण्यात राहिले होते, हे आम्ही तासांहून अधिक मोलाचे मानले. आपल्याकडे विक्रीला येणारी बरीच इंजिने कोकण किनाऱ्यावरची असतात. खाऱ्या पाण्यातल्या इंजिनाचे थर्मोस्टॅटचे झाकण उघडले की आत पांढरे थर दिसतात, बोल्ट जागच्या जागी धरलेले असतात आणि इंजिनाऐवजी स्वतः गंजावेत म्हणून बसवलेले जस्ताचे तुकडे झिजून संपलेले असतात. तेथे तास कमी असले तरी मला आनंद होणार नाही. किनाऱ्यावरच्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांत तर संगणकच नसतो. तेथे कॉम्प्रेशन आणि झीज यांवरच भिस्त ठेवावी लागते.

इंजिन सुरू होण्याआधी सिलिंडरवर तळहात ठेवून ते थंड असल्याची खात्री मी केली, कारण आधीच तापवून ठेवलेले इंजिन कोणाच्याही हाती पहिल्या झटक्यात सुरू होते. ते थंड होते आणि लगेच सुरू झाले. नंतर चार माणसे बसवून जलाशयात पूर्ण थ्रॉटल दिला. या इंजिनासाठी ठरवलेल्या मिनिटाला ५००० ते ६००० फेऱ्यांच्या मर्यादेत ते ५५०० पर्यंत गेले. लॅपटॉपवरचा अहवाल समोर ठेवल्यावर विक्रेत्याने वाद घातला नाही आणि व्यवहार २ लाख ४५ हजारांवर ठरला. खोटे मीटर लावून इंजिन विकण्याचा त्याचा प्रकार मात्र मला आजही संतापजनक वाटतो, कारण असे इंजिन घेणाऱ्याच्या बोटीत बुडणारी माणसे बसणार असतात.

कारागिराने प्रवासखर्चासह ४५०० रुपये घेतले, प्रत्येक तपासणी आम्हाला समोर उभे करून दाखवली आणि अहवालाची छापील प्रत दिली. या खरेदीत सर्वांत सार्थकी लागलेला पैसा हाच.

घेतल्यावर लगेच ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग आणि पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (पंपातले पाकळ्यांचे चाक) बदलला. पावसाळ्यात इंजिन एकदाही बंद पडले नाही. जुलैत गढूळ पाण्यात काम केल्यावर इंजिन थंड ठेवून बाजूने बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक झाली. पाणी घेण्याच्या जाळीत जलपर्णीची मुळे अडकली होती आणि जाळी साफ केल्यावर धार पूर्ववत झाली. ऑक्टोबरमध्ये इम्पेलर काढून पाहिला, तेव्हा एकाच हंगामात त्याच्या पाकळ्यांच्या कडा गाळाने घासलेल्या दिसल्या, म्हणून तो पुन्हा बदलला. बुशमधला खेळ तसाच आहे आणि त्याची दुरुस्ती उन्हाळ्यात करायची आहे.

खोटे मीटर आम्ही काढून टाकले. आता बोटीच्या पेटीत प्लास्टिकच्या पिशवीत एक वही असते. प्रत्येक फेरीनंतर चालवणारा वेळ, वेग आणि टाकलेले पेट्रोल लिहून सही करतो. तिच्या पहिल्या पानावर ६११ लिहिले आहे आणि शेवटची नोंद ६६८ची आहे.