बेस अ‍ॅम्प बिघडला: पुण्याला पाठवायचा की कोल्हापुरातच दाखवायचा?

गणपतीच्या तोंडावर अ‍ॅम्पनं दगा दिला की आपल्याकडचा प्रत्येक बेस गिटारवाला याच पेचात पडतो: कंपनीच्या पुण्यातल्या सर्व्हिस सेंटरला पाठवावा, की गावातल्याच मेकॅनिकला दाखवावा? मी दोन्ही केलंय, तेही एकाच अ‍ॅम्पच्या एकाच बिघाडासाठी. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, माझा सांगतो.

माझा कॉम्बो, म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत, 100 वॅटचा, जुन्या बांधणीचा, आत वजनदार ट्रान्सफॉर्मर. पहिली वीस-पंचवीस मिनिटं झकास वाजायचा. मग जाड ई तारेवर जोर दिला की आवाज एकदम बसायचा. वरून थाप मारली की परत यायचा.

आधी पुण्याला पाठवला. तिथली शिस्त चांगली, हे मान्य करतो. जॉब कार्ड मिळतं, खर्चाचा अंदाज आधी कळतो, सुटे भाग अस्सल असतात. पण तीन आठवड्यांनी, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून एका बाजूचे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर जाऊन-येऊन अ‍ॅम्प परत आला, तेव्हा कार्डवर लिहिलं होतं: 'तपासला, दोष आढळला नाही.' घरी लावला. अर्धा तास व्हायच्या आतच बसला.

त्यांनी टाळाटाळ केली असं मी म्हणणार नाही. टेबलावर दहा मिनिटं सिग्नल सोडून बघितलं तर हा दोष दिसतच नाही. आधी अ‍ॅम्प तापावा लागतो आणि मग खालची ई, म्हणजे साधारण 41 हर्ट्झ, जोरात वाजवून पेटी हादरवावी लागते. हे मी फोनवर तीनदा सांगितलं होतं. काउंटरवर त्याचं झालं 'आवाज कमी येतो'. मला खरं खटकलं ते हे. ज्याच्या हातात सोल्डरिंगचं काम आहे, त्याच्याशी आपली गाठच पडत नाही.

मग कोल्हापुरातच दाखवला. राजारामपुरीतल्या मेकॅनिकनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बेस घेऊन या, इथंच वाजवा." स्टुलावर बसून मी वाजवत राहिलो, तो बाजूला दुसऱ्या कुणाच्या तरी मिक्सरवर काम करत होता. आवाज बसला तसा तो उठला. आधी सेंडमधून रिटर्नमध्ये (बाहेरचे इफेक्ट जोडायचे दोन जॅक) छोटी केबल लावून बघितली, फरक पडला नाही. मग बांबूची काडी घेऊन बोर्डावर एकेक जागा हलकेच दाबत गेला. प्रीअ‍ॅम्पला (सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाला) पॉवर देणाऱ्या कनेक्टरजवळ काडी टेकली आणि आवाज धडकन परत आला. अ‍ॅम्प बंद करून, थोडं थांबून त्यानं बोर्ड उलटा केला आणि भिंग माझ्या हातात दिलं. पिनेभोवतीच्या सोल्डरला केसासारखी गोल चीर होती. तापलं की पसरायची, हादऱ्यानं सुटायची. जुनं सोल्डर काढून नवं भरलं, सहाशे रुपये घेतले. त्यानंतर दोन गणपती झाले, अ‍ॅम्प एकदाही बसलेला नाही.

गावातल्या दुरुस्तीची कमकुवत बाजू सुट्या भागांची आहे. आउटपुटच्या, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या ट्रान्झिस्टरमध्ये 5200-1943 या नंबरांच्या जोडीचा नकली माल बाजारात भरपूर आहे. ते बदलायची वेळ आली तर कुठून आणले हे विचारा, जुने परत मागा. आणि फ्यूज उडतोय म्हणून कुणी जास्त अँपिअरचा टाकायला निघाला तर अ‍ॅम्प उचलून घरी या. जाणकार माणूस आधी सिरीज बल्बवर, म्हणजे विजेच्या वाटेत एक बल्ब जोडून लावतो. बल्ब पेटून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. स्पीकर जोडण्याआधी आउटपुटला डीसी (स्पीकर जाळणारा एकाच दिशेचा करंट) येतोय का, तेही मीटरवर बघतो.

हल्लीच्या क्लास डी या स्विचिंग पद्धतीच्या हलक्या हेडचं (स्पीकर नसलेला नुसता अ‍ॅम्प) गणित मात्र वेगळं आहे. बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर केलेले बारीक एसएमडी भाग, स्विचिंगची पॉवर सप्लाय. तिथं बहुधा अख्खा बोर्डच बदलावा लागतो आणि तो कंपनीकडेच मिळतो. असा हेड असेल, किंवा वॉरंटी शिल्लक असेल, तर पुणंच बरं.

कुठंही नेण्याआधी घरी दोन गोष्टी करून बघा. सेंड-रिटर्नमध्ये केबल लावून आवाज आला, तर रिटर्न जॅकचा आतला कॉन्टॅक्ट गंजलाय. आपल्या पावसाळ्यात हे फार होतं. आणि अ‍ॅम्पपासून स्पीकरच्या वायरी सोडवून दीड व्होल्टचा सेल त्या वायरींना क्षणभर टेकवा, कोन हलला आणि टक् वाजलं तर कॉइल तुटलेली नाही. अ‍ॅम्प उघडू मात्र नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात.

गेल्या महिन्यात आमच्या गिटारवाल्याचा अ‍ॅम्प मधूनच खरखरायला लागला. त्यानं मला विचारलं, मी राजारामपुरीचा पत्ता दिला आणि सांगितलं, गिटार आणि नेहमीची केबल सोबत ने, दुपार मोकळी ठेव.