फिलिपसन, मर्लियर की मिलान? सायकल शर्यतीतल्या सर्वांत वेगवान स्प्रिंटरांची तुलना

२०२५ च्या टूर द फ्रान्समध्ये यास्पर फिलिपसनने एक, टिम मर्लियरने दोन आणि जोनाथन मिलानने दोन असे पाच टप्पे जिंकले, आणि तरीही या तिघांत सर्वांत वेगवान कोण हा प्रश्न त्या शर्यतीतून सुटला नाही, कारण तिघेही एकाच वेळी अंतिम रेषेकडे झेपावले असा एकही टप्पा त्या जुलैत झाला नाही. पहिल्या दिवशी लीलच्या वाटेवर आडव्या वाऱ्याने घोळका फुटला, मर्लियर आणि मिलान मागच्या गटात अडकले आणि पुढच्या गटातून फिलिपसन जिंकला. तिसऱ्या दिवशी मधल्या स्प्रिंटच्या, म्हणजे टप्प्याच्या वाटेतच गुणांसाठी होणाऱ्या झुंजीच्या वेळी फिलिपसन जोरात आपटला आणि कॉलरबोन मोडल्यामुळे अंगावर हिरवी जर्सी, म्हणजे गुणांत आघाडीवर असलेल्याची जर्सी असतानाच शर्यतीबाहेर गेला. त्यानंतर उरली ती मर्लियर आणि मिलान यांचीच झुंज. ज्यांनी हा खेळ नुकताच पाहायला घेतला आहे आणि ज्यांना एखाद्या स्प्रिंटरच्या मागे मनापासून उभे राहायचे आहे, किंवा मित्रमंडळींत सपाटीच्या टप्प्याचा विजेता आधीच सांगायचा असतो, त्यांना निवड करायला उपयोगी पडावी म्हणून ही तुलना केली आहे. यातल्या नोंदी २०२५ चा हंगाम संपेपर्यंतच्या आहेत.

तुलनेआधी स्प्रिंट नेमकी कशी घडते ते पाहिले पाहिजे, कारण नुसत्या वेगाने स्प्रिंट जिंकता येत नाही. शेवटच्या काही किलोमीटरमध्ये प्रत्येक संघ आपल्या स्प्रिंटरला मागे घेऊन एकापाठोपाठ एक अशी रांग लावतो. ताशी साठ किलोमीटरच्या पुढे वाऱ्याचा रोध इतका वाढतो की, मागच्या चाकाला चिकटून आडोशाने चालवणाऱ्याला पुढच्यापेक्षा बरीच कमी ताकद लावावी लागते. रांगेतला एकेक सहकारी आपली शक्ती संपेपर्यंत ओढून बाजूला होतो आणि शेवटचा माणूस, ज्याला लीड-आउट म्हणतात, तो स्प्रिंटरला साधारण दोनशे मीटर उरले असताना मोकळा सोडतो. तिथून पुढचे दहा-बारा सेकंद म्हणजे खरी स्प्रिंट. त्यात बाराशे ते सोळाशे वॉटच्या आसपास ताकद लागते आणि ती तीन-चार तास सायकल चालवून झाल्यानंतर काढायची असते. रेषेवर हात ताणून सायकल पुढे ढकलण्याचे कसबही हवे. २०१७ साली न्वी-सां-जॉर्ज इथे मार्सेल किटेलने एडवाल्ड बोआसन हागेनला हरवले ते अवघ्या सहा मिलिमीटरने, आणि त्याचा निकाल फोटो पाहूनच द्यावा लागला. म्हणून प्रत्येकाबाबत तीन गोष्टी तपासाव्या लागतात: मोकळा रस्ता मिळाल्यावरचा निव्वळ वेग, गर्दीतून योग्य जागी पोहोचण्याची हातोटी, आणि चढ किंवा लांब अंतर अंगात भिनल्यावरही शिल्लक राहणारा जोर.

फिलिपसनची नोंद या तिघांत सर्वांत भरघोस आहे. अल्पेसिन संघाच्या या बेल्जियन खेळाडूने टूरचे दहा टप्पे जिंकले आहेत: २०२२ मध्ये दोन, २०२३ मध्ये चार, २०२४ मध्ये तीन आणि २०२५ मधला तो लीलचा एक. २०२२ च्या दोनांपैकी एक पॅरिसच्या शाँझ एलिझेवरचा होता आणि २०२३ मध्ये हिरवी जर्सीही त्याचीच होती. त्याच्या यशात माथ्यू व्हॅन डर पूलचा वाटा फार मोठा आहे. जगज्जेता राहिलेला आणि स्वतः मोठमोठ्या शर्यती जिंकणारा माणूस दुसऱ्यासाठी लीड-आउट होतो, हे दृश्य दुर्मीळ आहे, आणि २०२३ मध्ये बायोन आणि नोगारो इथे त्याने फिलिपसनला ज्या जागी आणून सोडले, तिथून हरणे अवघड होते. त्यावरून फिलिपसन केवळ साथीच्या जोरावर जिंकतो असा निष्कर्ष मात्र काढू नये. २०२४ ची मिलानो–सानरेमो ही जवळपास २९० किलोमीटरची शर्यत त्याने जिंकली. शेवटाजवळचा पॉज्जोचा चढ ओलांडून, तादेय पोगाचारसारख्या चढाच्या बादशहाला मागे ठेवून आणि मायकेल मॅथ्यूजला अगदी रेषेवर गाठून मिळवलेला हा विजय शुद्ध स्प्रिंटरांपैकी फार थोड्यांना जमला असता. पॅरिस–रुबेच्या दगडी रस्त्यांवर तो दोनदा दुसरा आला आहे. उणी बाजू अशी की तो कधीकधी आपली रेष सोडतो. २०२४ मध्ये दिजाँला तो दुसरा आला होता, पण आडवे आल्याबद्दल पंचांनी त्याला निकालात खाली ढकलले. त्याच्यामागे उभे राहणाऱ्याने ही धाकधूक गृहीत धरावी.

मर्लियरच्या नावावर टूरचे तीनच टप्पे आहेत, आणि आकडे पाहून निवड करणारा माणूस त्याला इथेच बाद करील. ते चुकीचे ठरेल. २०२५ पर्यंत तो टूरला गेलाच मुळी दोनदा, २०२१ मध्ये आणि २०२५ मध्ये. मधली वर्षे संघाने कधी दुसऱ्या स्प्रिंटरला पसंती दिली, तर कधी सगळे बळ एकंदर विजेतेपदासाठी राखून ठेवले. २०२१ मध्ये पोंतिव्हीला तो पहिला आला तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर फिलिपसन होता, आणि तेव्हा दोघे एकाच संघात होते. सायक्लोक्रॉसच्या चिखलातून रस्त्यावर उशिरा आलेला हा खेळाडू त्या पहिल्या विजयाच्या वेळी अठ्ठावीस वर्षांचा होता. २०२४ मध्ये तो युरोपचा विजेता झाला आणि त्याच वर्षी त्याने जिरो दि’तालिया या इटलीतल्या तीन आठवड्यांच्या शर्यतीचे तीन टप्पे जिंकले. मला त्याच्यात सर्वांत जास्त भावते ती त्याची स्वतःची वाट काढण्याची रीत. २०२५ च्या टूरमध्ये त्याच्या संघाचे लक्ष रेम्को एव्हेनेपूलच्या एकंदर क्रमांकावर होते, म्हणून मिलानसारखी भरभक्कम रांग त्याच्या वाट्याला आली नाही. तो इतरांच्या चाकांमागे सरकत राहतो, कधी डावीकडची फट शोधतो, कधी उजवीकडची, आणि शेवटच्या दीडशे मीटरमध्ये त्याचा वेग जसा चढतो तसा सध्या इतर कोणाचा चढताना दिसत नाही. चौथ्या-पाचव्या जागेवरून सुरुवात करूनही जिंकता येते हे त्याने वारंवार दाखवले आहे.

मिलान उत्तर इटलीतल्या फ्रिउलीचा, सुमारे १.९३ मीटर उंचीचा, भारदस्त बांध्याचा खेळाडू आहे आणि त्याची घडण ट्रॅकवर झाली आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये सांघिक परसूटचे, म्हणजे ट्रॅकवरच्या चार किलोमीटरच्या वेळेच्या शर्यतीचे सुवर्ण जिंकणाऱ्या इटालियन चमूत तो होता, आणि २०२४ मध्ये वैयक्तिक परसूटचे जगज्जेतेपद त्याने विश्वविक्रमासह मिळवले. चार किलोमीटर एकट्याने वाऱ्याशी झुंजण्याची ही ताकद त्याच्या स्प्रिंटमध्येही उतरते. दोनशे ऐवजी अडीचशे-तीनशे मीटरवरून सुरुवात केली तरी तो ढासळत नाही. डोके आणि खांदे जोरजोरात हलवत, सायकल डावी-उजवीकडे झोकत चालणारी त्याची स्प्रिंट पाहताना इतकी ताकद वाया जात असावी असे वाटते, पण निकाल तसे सांगत नाहीत. २०२५ हे त्याचे पहिलेच टूर होते. लाव्हालला त्याने जिंकलेला टप्पा २०१९ नंतर टूरमधला इटलीचा पहिला विजय ठरला. व्हालांसला पावसात, शेवटच्या किलोमीटरमध्ये बरेच जण पडल्यानंतर, तो पुन्हा जिंकला आणि पॅरिसमध्ये हिरवी जर्सी घालून पोहोचला. जिरोमध्ये ही गुणांची जर्सी त्याने २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे मिळवली होती.

मर्लियर आणि मिलान यांची तुलना हा या विषयाचा सर्वांत रंगतदार भाग आहे आणि त्यासाठी भरपूर पुरावा हाताशी आहे. २०२४ च्या जिरोमध्ये दोघांनी तीन-तीन टप्पे जिंकले. मर्लियरने फोसानो, पादोवा आणि रोम इथे बाजी मारली, आणि या तिन्ही ठिकाणी दुसरा आला तो मिलान. २०२५ च्या टूरमध्ये मर्लियर डंकर्क आणि शातोरू इथे जिंकला, आणि तिथेही दोन्ही वेळा दुसरा मिलानच होता. डंकर्कचा निकाल तर फोटो पाहून लागला. म्हणजे या दोन शर्यतींत मर्लियरने जिंकलेल्या पाचही स्प्रिंटमध्ये मिलान त्याच्या लगेच मागे होता. शातोरूचा टप्पा ताशी ५०.०१३ किलोमीटर सरासरीने धावला गेला. टूरच्या इतिहासात यापेक्षा वेगवान साधा (म्हणजे घड्याळाविरुद्धचा नसलेला) टप्पा एकच, १९९९ मध्ये मारियो चिपोलिनीने ब्ल्वा इथे जिंकलेला, ताशी ५०.३५५ किलोमीटरचा. इतक्या दमवणाऱ्या दिवशीही शेवटचे मीटर मर्लियरचेच ठरले.

याउलट, रांग शाबूत असेल, सिमोने कोन्सोन्नी त्याला वेळेवर पुढे आणून सोडत असेल आणि रेषेकडे जाताना रस्ता हलकासा चढत असेल, तर मिलानला गाठणे फार कठीण जाते. गडबड झाली, चाक हुकले की तो मागे अडकतो आणि मग त्याचा तो प्रचंड वेग दुसऱ्या क्रमांकापर्यंतच पोहोचतो. माझ्या मते निव्वळ शेवटच्या वेगात मर्लियर आज सर्वांत पुढे आहे, आणि तीन आठवड्यांचा हिशेब करायचा असेल तर मिलान. टूरमध्ये सपाटीच्या टप्प्याच्या विजेत्याला पन्नास गुण मिळतात, पण मधल्या स्प्रिंटचे गुण रोज वेचावे लागतात आणि त्यासाठी लागणारी चिकाटी मिलानकडे आहे. हिरव्या जर्सीचा अंदाज बांधणाऱ्याने त्याच्याकडे पाहावे.

डोंगराचा विषय इथे टाळता येत नाही. मुंबई–पुणे शर्यतीमुळे ‘घाटाचा राजा’ कोण ठरतो याकडे पाहण्याची आपल्याला सवय आहे. टूरमधल्या स्प्रिंटरला मात्र आल्प्स आणि पिरेनीजचे घाट जिंकायचे नसतात, विजेत्याच्या वेळेवरून ठरलेल्या मुदतीच्या आत ते पार करायचे असतात. मुदत चुकली की पुढच्या सपाट टप्प्याचा स्वप्नभंग. एवढे जड शरीर घेऊन मिलान हे तीन आठवडे पार करतो, ही त्याची वेगळी कमाई आहे. पॅरिसचा शेवटचा टप्पाही आता हमखास स्प्रिंटरांचा राहिलेला नाही. २०२५ मध्ये तो मोंमार्त्रच्या चढावरून नेला गेला आणि वाऊट व्हॅन आर्टने तो एकट्याने जिंकला.

ज्यांना छोटे चढ असलेले टप्पे अधिक आवडतात त्यांनी वेगळ्या नावांकडे वळावे. एरिट्रियाच्या बिनियाम गिरमायने २०२४ च्या टूरमध्ये तीन टप्पे आणि हिरवी जर्सी जिंकली. टूरचा टप्पा जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी खेळाडू आहे, आणि त्या जुलैत अस्मारात झालेला जल्लोष पाहण्यासारखा होता. डेन्मार्कचा माड्स पेडरसन २०१९ चा जगज्जेता आहे आणि २०२५ मध्ये त्याने एकाच जिरोत चार टप्पे जिंकले. शुद्ध सपाटीवर हे दोघे मर्लियरला क्वचितच हरवतील, पण टेकड्यांनी घोळका विरळ झाला की चित्र पालटते.

जुन्या पिढीचा मापदंड म्हणून मार्क कॅव्हेंडिशचे नाव घ्यावेच लागते. एडी मर्क्सच्या चौतीस टप्प्यांचा विक्रम त्याने ३ जुलै २०२४ रोजी सां-व्हुल्बास इथे पस्तिसावा टप्पा जिंकून मोडला, तेव्हा तो एकोणचाळीस वर्षांचा होता. पहिले चार टप्पे २००८ मधले आणि शेवटचा २०२४ मधला, इतका लांब पल्ला त्याने गाठला. उंची बेताची, छाती जवळजवळ हँडलला टेकलेली आणि वाऱ्याला अगदी थोडी जागा देणारी बैठक, हे त्याचे बलस्थान होते. किटेलने चौदा टप्पे जिंकले, पण त्याच्या सर्वोत्तम दिवसांत, म्हणजे २०१३, २०१४ आणि २०१७ मध्ये, तो कॅव्हेंडिशपेक्षा वेगवान वाटत असे. दीर्घकाळ टिकणे आणि एका क्षणी सर्वांत वेगवान असणे हे दोन वेगळे गुण आहेत, आणि आजच्या तिघांना तोलतानाही फिलिपसनचे दहा व मर्लियरचे तीन टप्पे नुसते शेजारी मांडून चालणार नाही.

प्रतिस्पर्ध्यांपेक्षा सर्वांत जास्त अंतराने वेगवान असलेला स्प्रिंटर कोण, असे विचारले, तर माझे उत्तर या तिघांपैकी कोणीही नाही. ते नाव आहे नेदरलँड्सची लोरेना वीबेस. २०२५ मध्ये तिने कारकिर्दीतला शंभरावा विजय ओलांडला, टूर द फ्रान्स फाम या महिलांच्या टूरमध्ये आँजे आणि प्वातिए इथले लागोपाठचे दोन टप्पे जिंकले आणि हिरवी जर्सी मिळवली. सपाट स्प्रिंटमध्ये ती हरली की त्याचीच बातमी होते. २०२४ च्या अमस्टेल गोल्ड शर्यतीत तिने रेषेआधीच हात उंचावले आणि मारियान फॉसने सायकल पुढे ढकलून विजय हिसकावला. पुढच्याच वर्षी, वीस वर्षांनी पुन्हा भरलेल्या महिलांच्या मिलानो–सानरेमोमध्ये, चिप्रेस्सा आणि पॉज्जो हे दोन्ही चढ पार करून वीबेस पुढच्या छोट्या गटात टिकून राहिली. जगज्जेती लॉटे कोपेकी तिच्यासाठी राबली, आणि अंतिम रेषेवर वीबेसच्या मागे दुसरी आली ती फॉसच. पुरुषांत मर्लियर की मिलान हे ठरवायला जुलैची वाट पाहावी लागते. वीबेससाठी ती गरज नाही. तिचा वेग पाहायचा असेल तर मार्चमधल्या सानरेमोपासूनच सुरुवात करावी.