आडतीवर ब्राउझरमधलं सॉफ्टवेअर: गुढीपाडवा ते दिवाळी, सात-आठ महिन्यांचा अनुभव

पाडव्याला आमच्या आडतीचं काम ब्राउझरमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर नेलं. हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आधी हळदीचा आणि मग सोयाबीनचा, असे दोन्ही हंगाम त्याच्यावर काढले, तेव्हा आता बोलायला हरकत नाही. सॉफ्टवेअरचं नाव सांगत नाही. हिशेबात त्यानं आजवर एकदाही चूक केली नाही, मग उगाच बदनामी कशाला? मला त्रास झाला तो हिशेबाच्या अलीकडचा. ब्राउझर, काटा आणि प्रिंटर यांची सोयरीक जुळवता जुळवता जीव गेला.

विकणारा म्हणाला होता, "काहीच टाकायचं नाही भाऊ, ब्राउझर उघडायचा आन् काम सुरू." घरी बसून खातं बघायचं असेल तर खरं आहे. पण आडतीवर इलेक्ट्रॉनिक काट्याचं वजन थेट पट्टीत, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या कागदात, उतरावं लागतं. हातानं आकडा टाकायला लागलो की शेतकरी मान लांब करून स्क्रीन बघतो आणि खरेदीदार त्याच्या मागून. आणि साध्या वेबपानाला काट्याच्या वायरीपर्यंत हात घालता येत नाही.

पूर्वी हे काम प्लग-इन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, करायचं. शेजारच्या आडतीवर अजून तसलं जुनं सॉफ्टवेअर आहे, ॲक्टिव्हएक्स नावाच्या प्लग-इनवालं, फक्त इंटरनेट एक्सप्लोररवर चालणारं. क्रोमनं 2015 मध्येच 45 व्या आवृत्तीपासून जुन्या पद्धतीची प्लग-इन बंद केली, फायरफॉक्सनं मार्च 2017 मध्ये फ्लॅश सोडून बाकीची काढली, फ्लॅशही 2020 सरता सरता गेलं आणि 15 जून 2022 ला इंटरनेट एक्सप्लोररच निवृत्त झाला. शेजाऱ्यांची गाडी आता एज ब्राउझरच्या आयई मोडवर, म्हणजे इंटरनेट एक्सप्लोररची जुनी पानं चालवणाऱ्या सोयीवर, चालते. सेटिंगमध्ये त्या साइटचा पत्ता घालावा लागतो आणि ती नोंद 30 दिवसांनी आपोआप संपते. त्यामुळं दर महिन्याला त्यांचे मुनीमजी न चुकता येतात, "ओ, ते पान पुन्हा पांढरं दिसायलंय." मी मुदत वाढवून देतो. हातउसन्यासारखं चाललंय.

आमच्याकडे प्लग-इन नाही असं कंपनी सांगते. माझ्या मते प्लग-इन कुठं गेलेलं नाही, घरातून उठून ओसरीवर येऊन बसलंय. एक छोटा प्रोग्रॅम विंडोजबरोबर सुरू होतो, काट्याचं वजन वाचतो, आणि ब्राउझर 127.0.0.1 या पत्त्यावर, म्हणजे त्याच संगणकावर, त्याला वजन विचारतो. जीएसटीला डिजिटल सही करताना लागणारं एमसायनर किंवा आधारचा अंगठा घेणाऱ्या यंत्राची आरडी सर्व्हिस वापरली असेल तर ही जात ओळखीची वाटेल. हा प्रोग्रॅम बंद पडला तरी ब्राउझर तसं सांगत नाही, नुसता चाक फिरवत बसतो. म्हणून मी आधी खाली घड्याळाशेजारी त्याचं चिन्ह आहे का ते बघतो.

सगळ्यात वाईट दिवस दिवाळीनंतरचा. मोंढा नुकताच उघडलेला, दारात सोयाबीनच्या गाड्या, आणि मापाडी मामा काट्यापासून ओरडायलेत, "काटा तर 52 किलो 300 दाखवायलाय, तुमच्या डब्यात कामून काईच येईना?" चिन्ह जागेवर, वायर जागेवर. कंपनीचा फोन लागेना. तासभर हातानं वजनं टाकली. दुपारी कळलं ते असं: क्रोमच्या 142 व्या आवृत्तीपासून एखाद्या साइटला आपल्या संगणकावरच्या किंवा लोकल नेटवर्कवरच्या प्रोग्रॅमशी बोलायचं असेल, तर ब्राउझर आधी परवानगी विचारतो. सकाळी तशी चौकट आली होती. आमच्या पोरानं ती नेहमीच्या नोटिफिकेशनची समजून "ब्लॉक" दाबलं. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर जाऊन परवानगी चालू केली, पान ताजं केलं, वजन आलं. दोन मिनिटांचं काम. सोय चांगलीच आहे, उगाच कुठल्याही साइटनं आपल्या संगणकात डोकावू नये. पण कंपनीनं आदल्या दिवशी एक मेसेज टाकला असता तर काय बिघडलं असतं?

काट्याची वायर जुन्या सिरियल पद्धतीची, त्याला यूएसबीचा कन्व्हर्टर. हा कन्व्हर्टर ज्या खाचेत पहिल्यांदा लावला तिथंच लावायचा. खाच बदलली की विंडोज कॉम पोर्टचा, म्हणजे त्या जोडणीचा, नंबर बदलतं, आणि प्रोग्रॅम जुन्याच नंबरवर वाट बघत बसतो. मी खाचेभोवती हळदीचं बोट ओढून ठेवलंय. सुरुवातीला वजनाच्या जागी भलतीच चिन्हं येत होती, तेव्हा काट्यात बॉड रेट (माहिती पाठवायचा वेग) 2400 आणि प्रोग्रॅममध्ये 9600 निघाला.

ऑगस्टमध्ये कंपनीनं दुसरा रस्ता दिला, वेब सिरियल. क्रोम आणि एजमध्ये ही सोय 2021 पासून, 89 व्या आवृत्तीपासून आहे. मधला प्रोग्रॅम लागत नाही, ब्राउझर थेट पोर्टशी बोलतो. आठवडाभर वापरून बघितलं. चालतं छान, पण माझ्या कन्व्हर्टरची वायर निघाली की पोर्ट पुन्हा निवडून द्यावा लागतो, आणि हमालांचे पाय त्या वायरीत दिवसातून दोनदा अडकतात. परत जुन्याच प्रोग्रॅमवर आलो.

दुसरा संगणक विंडोज 7 चा. त्यावर क्रोम 109 च्या पुढं जात नाही. खातं बघायला चालतो, पट्टी काढायला नाही. त्याच संगणकानं एकदा मला पार येड्यात काढलं. लाइट जाऊन आली आणि एकही साइट उघडेना, सगळीकडं "कनेक्शन सुरक्षित नाही". मी ब्राउझर काढून पुन्हा टाकला. शेवटी नजर गेली तारखेवर. मदरबोर्डचा सेल संपलेला आणि घड्याळ कित्येक वर्षं मागं. तारीखच चुकली तर साइटचं प्रमाणपत्र ब्राउझरला पटणार कसं? बटणासारखा सेल घड्याळाच्या दुकानात मिळाला.

प्रिंटिंगचं काही खास नाही. डॉट मॅट्रिक्सवर ब्राउझरची पट्टी चित्र म्हणून छापली जाते, म्हणून रेंगाळते. कागदाचं माप विंडोजमध्ये स्वतः बनवून घ्या, वरखालचा हेडर-फूटर काढा, झालं.

नावांचं मात्र सांगायलाच हवं. आमच्याकडं कऱ्हाळे, गोऱ्हे अशी नावं पुष्कळ. हा ऱ दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत शिफ्ट आणि जे दाबून, दुसरा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. पोरानं मोबाइलवरून खातं उघडलं, मी कीबोर्डवरून शोधलं, सापडलं नाही, म्हणून दुसरं उघडलं. एकाच शेतकऱ्याची दोन खाती, एकात उचल, दुसऱ्यात जमा. ते निस्तरायला अख्खा रविवार गेला. आता मी नावानं शोधतच नाही, मोबाइल नंबरनं शोधतो.

सध्याची मांडणी अशी आहे. क्रोममध्ये आडतीसाठी वेगळी प्रोफाइल, तिच्यात एकही एक्स्टेन्शन नाही, पॉप-अपला परवानगी फक्त या एका साइटला, नाहीतर पट्टीची खिडकी उघडत नाही. पोराचे क्रिकेटचे स्कोअर दुसऱ्या प्रोफाइलमध्ये. एज तसाच्या तसा तयार ठेवलाय, क्रोम रुसला तर त्याच्यावर जातो. पाडव्याला पैसे पुन्हा भरणार आहे, पण कंपनीला सांगून ठेवलंय की हळदीचं बीट, म्हणजे लिलाव, सुरू व्हायच्या आधी माणूस हिंगोलीला पाठवा आणि त्याला काट्याशेजारी दोन तास उभं करा.