ह्युमिडिफायर चार महिने वापरून: टाकीचं तोंड आधी बघा

खोलीच्या हवेत ओलावा सोडणाऱ्या याच मशीनला डिसेंबरात मी पाच स्टार दिले होते. लेकरू तेव्हा दोन महिन्यांचं. कोरड्या थंडीनं नाक कोंडायचं आणि दूध पिता पिता श्वासासाठी सोडून द्यायचं. मशीन लावल्यावर तिसऱ्या रात्री सलग चार तास झोपलं, आणि मी त्या आनंदात लिहून टाकलं. आज दोन स्टार काढून घेते आहे.

कारण टाकीचं तोंड. चार लिटरची टाकी आणि तोंडातून माझी चार बोटं जेमतेम जातात. बाळाच्या खोलीतल्या मशीनला याहून मोठा दोष नाही. ही मशीन पाणी तापवत नाही. तळाची चकती थरथरते आणि पाण्याचे बारीक कण उडवते, तीच तिची थंड वाफ. म्हणजे पाण्यात जे असेल ते हवेत आणि तिथून लेकराच्या छातीत. उरलेलं पाणी रोज फेकून टाकी पुसायची आणि वाळवायची, आठवड्यातून एकदा व्हिनेगरनं धुवायची. हात आत जात नाही तर पुसायची कशी? मी लाटण्याला सुती फडकं बांधून पुसते, तरी वरच्या कोपऱ्यांत ते पोचत नाही. एकदा बोट वाकवून घातलं तर तिथं बुळबुळीत लागलं. त्या रात्री मशीन लावलीच नाही.

जानेवारीत पाळण्याला बांधलेला काळा दोरा राखाडी दिसायला लागला. बोट फिरवलं तर पांढरी भुकटी. आरशावर तीच, काजळाच्या डबीवरही तीच. मशीन खराब आहे म्हणून मी कंपनीला रागानं मेल केला. तिथं माझं चुकलं. भुकटी आमच्या बोअरच्या पाण्याची होती. आरओवाल्या दादांनी पाण्यातले क्षार मोजायचा मीटर लावून दाखवलं: बोअरचं पाणी ८६०, त्यांच्या जारचं ५५. चहाच्या गंजाला जो पांढरा थर धरतो तोच खोलीभर उडत होता. सासूबाई म्हणाल्या, पाणी उकळून घाल. पण उकळल्यानं जंतू मरतात, सगळे क्षार जात नाहीत. आता जारचंच पाणी घालते, पाच रात्रींना तीस रुपये. भुकटी खूप कमी झाली. खाऱ्या पाण्याच्या गावात हा खर्च किमतीतच धरायचा, आणि कंपनीनं तो खोक्यावर मोठ्या अक्षरात छापायला पाहिजे.

फेब्रुवारीच्या शेवटी वाफ येईना. लेकरू कडेवर घेऊन एसटीनं जिल्ह्याच्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या माणसानं उघडूनही न बघता सांगितलं, चकती गेली, क्षारामुळे वॉरंटी लागत नाही, सातशे रुपये पडतील. मी तशीच परत आणली. प्लग काढून तळाशी अर्धं व्हिनेगर आणि अर्धं पाणी वीस मिनिटं ठेवलं, मऊ टूथब्रशनं चकती हळूच घासली, साध्या पाण्यानं दोनदा धुतली. पूर्वीसारखी वाफ सुरू झाली. पंचवीस रुपयांच्या बाटलीत काम झालं. सातशे रुपये म्हणजे वावरातल्या दोन बायांची रोजी आहे, म्हणून त्या माणसाचा राग अजून जात नाही.

आर्द्रतेचा मीटर मी फार उशिरा घेतला, साडेतीनशेचा. पहिल्याच रात्री ७६ टक्के! काचेवर पाणी ओघळत होतं, गोधडी दमट, पलंगामागच्या भिंतीवर बुरशीचा डाग. आता ४० ते ५० च्या मध्ये ठेवते, वर गेलं की बंद करते. मशीन पाळण्यापासून पाच फूट लांब, वाफेचं तोंड दुसरीकडे, वायर भिंतीला लावून.

जाऊबाईंनी प्रेमानंच सांगितलं होतं, निलगिरी आणि कापूर टाक, छाती मोकळी होईल. लेकरांच्या डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं, एवढ्या लहानग्याला ते घातक ठरतं. पाण्यात जंतुनाशकही घालू नका. दक्षिण कोरियात ह्युमिडिफायरमध्ये घालायच्या जंतुनाशकानं फुप्फुसं निकामी होऊन लेकरं आणि गरोदर बाया दगावल्या, २०११ मध्ये ते उघड झालं. हे वाचल्यापासून मी टाकीत पाण्याशिवाय काही जाऊ देत नाही.

आता कुलर लागला, त्याचाच ओलावा पुरतो. मशीन दोन दिवस उन्हात उघडी वाळवून कपाटावर ठेवली. दिवाळीनंतर पुन्हा लागेल, पण ही नाही लावणार. रुंद तोंडाची शोधते आहे. फोटोत तोंडाचं माप कळत नाही, म्हणून दुकानात जाऊन टोपण उघडून मूठ आत घालूनच घेईन. कुणाकडे अशी असेल तर मॉडेल नक्की सांगा.